रंगोजी मेला न्हाई

पौषातलं धुकं मार्केट यार्डात शिरलं की आधी कांद्याच्या पोत्यांवर बसतं, मग हमालांच्या मिशांवर. त्या दिवशी सकाळी तर असं दाट पडलं होतं की पुढच्या गड्याची नुसती पाठ वाकून चाललेली दिसायची, पाठीवरचं पोतं दिसायचं नाही. शिरूरकडून आलेले तीन ट्रक गाळ्याला पाठ लावून उभे होते. लोणी काळभोरच्या सोनबानं बारदानाची खोळ डोक्यावर घेतली, आकडा पोत्याच्या कानात अडकवला, ‘हुप्प’ केलं आणि कांदा पाठीवर घेऊन तो थप्पीकडे निघाला. साठीला दोन कमी असलेला गडी. पण पोत्याला कुणाचं वय कळत नाही.

आज मात्र त्याचं चित्त पोत्यात नव्हतं. दर खेपेला नजर फाटकाकडे जायची. फाटकावर कालपासून एक फ्लेक्स लागला होता आणि धुकं जसं विरळ व्हायला लागलं तसं त्यावरचं तोंड उघडं पडत चाललं होतं. आधी फेटा दिसला, मग मिशा, मग दात. सोनबानं जन्मात फेटा बांधला नव्हता, पण तोंड त्याचंच होतं. खाली लिहिलं होतं : ‘ग्रंथरक्षक, इतिहासतपस्वी मा. श्री. सोनबा यांच्या नेतृत्वाखाली भव्य मोर्चा! रंगोजीला मारणाऱ्यांना माफी नाही!’ आणि शेजारी, ग्रंथरक्षकाच्या दुप्पट आकाराचा, मोबाइल कानाला लावलेला, मोर्चा काढणाऱ्या अनंतचा फोटो.

“सोनबा, तुजं त्वांड लई ग्वाड आलंय रं,” भैरू थप्पीला टेकून म्हणाला. भैरू आता पोती उचलत नसे. तो थप्पीपाशी बसून पोती मोजायचा. “घरी सोजराक्काला दावलंस का?”

“मोबाइलवर दावलं.”

“मग काय म्हनली?”

“म्हनली, येवढं थोरलं फडकं फुकट मिळत आसंल तर गोठ्याला लावाय आना.”

भैरू हसला. सोनबा हसला नाही. दुपारी तो फ्लेक्सवाला अनंत येणार होता, सोबत टीव्हीवाले येणार होते, आणि सगळ्यांच्या देखत सोनबाला मूळ पुस्तक उघडून शेवटचं पान दाखवायचं होतं. त्या पानावर रंगोजी जिवंत असल्याचा पुरावा होता.

अडचण एवढीच होती की ते पान नव्हतं.

*

बावीस वर्षांपूर्वी कोथरूडातलं एक खाजगी वाचनालय बंद पडलं आणि तिथली पुस्तकं पोत्यात भरून पुड्या बांधायला म्हणून भुसार बाजारात आली. त्यातलं एक पोतं सोनबाच्या पाठीवर उसवलं. एक जाडजूड ऐवज मानगुटीवर आदळला. वरचं वेष्टन गेलेलं, लेखकाचं नाव असलेलं पान गेलेलं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘वाघजाईचा बुरूज’ एवढं छापलेलं. सोनबा सातवीपर्यंत शिकलेला. उभ्या उभ्या त्यानं अर्धं पान वाचलं, आणि पुस्तक बंडीत घातलं.

मराठी माणसाला इतिहास जिवापाड आवडतो. फक्त तो दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावा लागतो. लिलाव उरकले, भाकरी खाऊन झाली की दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात बारदानं अंथरून दहाबारा हमाल आडवे व्हायचे. तिथं सोनबानं पुस्तक काढलं. पहिल्या दिवशी दोघं जागे राहिले, दुसऱ्या दिवशी सगळे. कांदा निवडणारी तुळजाबाई पाटी घेऊन जवळ सरकली. तिनं चौथ्या दिवशी पुस्तकाला हळदकुंकू लावलं आणि लाल फडक्यात बांधलं. तिथून पुढं ते पुस्तक राहिलं नाही, पोथी झाली. सोनबाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

रंगोजी कडेकर म्हणजे काय माणूस! उभा कडा बोटांनी चढायचा. त्याची मोरणी नावाची घोडी, त्याची चिमणा नावाची बायको, आणि गडावरचा तो फितूर किल्लेदार. हमालांना कडा चढणाऱ्याचं भारी कौतुक. आपण ओझं घेऊन आडवं चालतो, हा ओझ्यासकट उभा चालतो.

पण सगळ्यांत लाडका होता तो चूकवाला.

झालं होतं असं, की वाचनालयातल्या कुणा विद्वानानं त्या पुस्तकाच्या समासांत पेन्सिलीनं टिपा ठोकल्या होत्या. सोनबाला छापलेलं काय आणि लिहिलेलं काय, अक्षर ते अक्षर. तो सगळं वाचायचा. ‘अमावास्येच्या रात्री टिपूर चांदणं पडलं होतं. चूक. अमावास्येस कसले चांदणे?’ किंवा, ‘रंगोजीनं घोड्याला टाच दिली. चूक. पान बेचाळीसवर घोडी होती.’ दुसऱ्याच दिवशी भैरूनं विचारलं होतं, “ह्यो मधीमधी ‘चूक’ म्हनतो त्यो कोन?” सोनबा काही बोलायच्या आत तुळजाबाई म्हणाली, “आसंल येखादा म्हातारा कारकून. रंगोजीच्या मागनं तट्टावर बसून येत आसंल.” झालं. म्हातारा कारकून जन्माला आला. रंगोजीनं काहीही करावं आणि मागून तट्टावरून आवाज यावा : चूक! एकशे सदुसष्टाव्या पानावर तर रंगोजी बटाट्याची भाजी खातो आणि कारकून खवळतो, ‘घोडचूक! त्या काळी या मुलखात बटाटा कुठला?’ कांदा-बटाटा विभागातल्या हमालांनी ते फार मनाला लावून घेतलं. दोन दिवस चूकवाल्याशी अबोला होता. पण भैरूच म्हणाला, “टोचून बोलतो, पर येक दिस काय त्यानं रंगोजीची पाठ सोडली न्हाई. असला मानूस घरात पायजे.”

मग पाचशे बारावं पान आलं. रंगोजी बुरुजावरून दोराला लटकलाय, खाली खोल दरी, वर फितूर किल्लेदारानं दोरावर तलवार उगारलीय. ‘आणि तेवढ्यात...’ सोनबानं पान उलटलं.

पुठ्ठा.

सोनबानं पुढचं कधी चाळून बघितलं नव्हतं. गंमत जाईल म्हणून. आता बारा माणसं तोंड उघडी टाकून त्याच्याकडे बघत होती. तुळजाबाईच्या हातात कांदा तसाच. सोनबानं खाकरून घसा साफ केला, पुस्तक नाकाशी उभं धरलं आणि पुठ्ठ्यावर नजर रोवून वाचायला लागला. दोर कापला गेला. रंगोजी खाली गेला. पण कड्याच्या पोटाला एक उंबर होतं, त्याच्या फांदीत अडकला. पाठ मोडली. तीन दिवस तीन रात्री तसाच. मग सरपटत सरपटत घरी. चिमणानं बाजरीची भाकरी आणि लसणाचं पिठलं केलं होतं. ते खाऊन रंगोजी झोपला आणि सकाळी उठून रानात गेला.

हमाल डोळे पुसत उठले. सोनबा घरी गेला आणि बायकोला, सोजरबाईला म्हणाला, “आज म्या लई मोठं पाप केलं.” ऐकून घेऊन सोजरबाई म्हणाली, “पाप कसलं? मानूस घरी आला, जेवला. पिठल्यात लसूण घाटला ना? मग झालं तर.”

दर वर्षी कांद्याचा हंगाम सरला की पोथी पहिल्यापासून लागायची आणि दर वर्षी सोनबाला पुठ्ठा वाचावा लागायचा. श्रोत्यांना शेवट पाठ झाला होता. एका वर्षी तो उंबराऐवजी जांभूळ म्हणाला, तर चौघं ओरडले, “उंबर!” पुढं तर फर्माइशी सुरू झाल्या. भैरूच्या लेकीचं लग्न ठरलं त्या वर्षी रंगोजीलाही एक लेक झाली आणि तिचं लग्न पुठ्ठ्यावरच लागलं.

हे हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. पण नवव्या वर्षी भैरू थप्पीवरून खाली आला. पाठीचं हाड गेलं. डॉक्टरांनी त्याच्या घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता अंथरुणातच. सोनबा रोज दवाखान्यात जायचा. काय बोलावं ते सुचेना म्हणून पुठ्ठा वाचायचा. तीन दिवस तीन रात्री, मग सरपटत सरपटत. सातव्या महिन्यात भैरू भिंतीला धरून उभा राहिला. यार्डात आला तेव्हा वाकलेलाच आला, पण आपल्या पायांनी. येईल त्याला सांगायचा, “रंगोजी उठला, मग मला उठाय काय झालंतं?”

त्या दिवसापासून सोनबाला पुठ्ठ्याची खरी भीती वाटायला लागली.

*

आणि मग पिक्चर आला. ‘ढाण्या रंगोजी’.

बाजाराच्या सुट्टीला चौदाजण टेम्पोत बसून मॉलमधल्या थिएटरात गेले. दारावरच्या सुरक्षारक्षकानं सगळ्यांच्या तंबाखूच्या चंच्या काढून घेतल्या, त्यामुळं निम्म्यांचं मन आधीच उडालं. आत अंधार झाला. रंगोजी आधी हवेतून उडत आला आणि मग पडद्यावर त्याचं नाव आलं. अंगरख्याच्या गुंड्या तो घरी विसरला असावा. छाती अशी गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी.

“ह्याच्या छातीवरचं क्यास कुनी काढलं रं?” भैरूनं विचारलं.

“फितूर किल्लेदारानं,” तुळजाबाई म्हणाली.

पुढं रंगोजी नाचला. घोडी नाचली. शत्रूची बहीण नाचली. ती पुस्तकात नव्हतीच. हमाल धीर धरून बसले. सगळे एकाच्याच वाटेला डोळे लावून होते. “चूकवाला कवा येतो?” “आता येईल. बटाट्याला येईल.” पडद्यावरच्या रंगोजीनं सफरचंद खाल्लं, तरी तट्टू काही आलं नाही. “गाळला!” भैरू कुजबुजला. “चूकवाला गाळला भाड्यांनी!”

शेवटी बुरूज आला, दोर आला, तलवार आली. सोनबानं डोळे मिटून घेतले. रंगोजी चार मिनिटं खाली पडत होता, त्यात एक गाणं झालं, आणि मग तो दगडावर पडला आणि मेला. उंबर नाही, पिठलं नाही, काही नाही. थिएटरातली कॉलेजची पोरं मोबाइल वर धरून रडत होती आणि आपण रडतोय हे नीट येतंय ना, ते मधूनमधून बघत होती.

भैरू उठला. वाकलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो. पुढच्या खुर्चीचा आधार घेऊन त्यानं मान वर केली आणि यार्डातला आवाज लावला, “खोटं हाय! रंगोजी मेला न्हाई!”

पोरांना वाटलं, घोषणा आहे. पाठोपाठ तीनशे गळे गरजले, “रंगोजी मेला नाही! रंगोजी अमर रहे!” कुणीतरी त्याचं चित्रण केलं. सकाळपर्यंत ते अख्ख्या पुण्यानं बघितलं, आणि दुपारी अनंत यार्डात हजर झाला.

अनंतच्या आजोबांच्या जमिनीवर आता बारा मजली सोसायट्या होत्या आणि अनंतपाशी पांढरी गाडी, वेळ आणि ‘अस्मिता जागर मंच’ एवढं उरलं होतं. मंचाचा अध्यक्ष तोच आणि मंचही तोच.

“काका, इश्यू एकदम जेन्युइन आहे,” तो सोनबाला म्हणाला. “दोन डिमांड टाकू. एक, रंगोजीला परत जिवंत करा. दोन, तुमचा तो क्लार्क, तो चूकवाला, त्याला पिक्चरमध्ये घ्या. बुक ओरिजिनल आहे ना तुमच्याकडं?”

“तुमी वाचलंय का?” सोनबानं विचारलं.

“वाचायला टाइम कुठाय काका? भावना काय, वाचल्याशिवायपण दुखावतात.”

तो सोनबाचा आणि लाल फडक्यातल्या पुस्तकाचा फोटो काढून घेऊन गेला. फोटो वर्तमानपत्रात आला. मग फेटा आला. मग फ्लेक्स आला. सोनबाला रात्रीची झोप लागेनाशी झाली.

*

आता धुकं पार फिटलं होतं. शेवटचं पोतं थप्पीला लावून सोनबा भैरूच्या शेजारी टेकला. बोलायचं तर आत्ताच. दुपारी तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

“भैरू, येक सांगायचं हाय. पुस्तकात शेवट न्हाई.”

“म्हंजी?”

“शेवटची पानंच न्हाईत. मागं पुठ्ठा हाय. ते उंबर, ते पिठलं, समदं म्या रचल्यालं.”

 सोनबाला वाटलं, आता हा कोसळेल. भैरूनं चुन्याची डबी उघडली, बंद केली, आणि हलक्या आवाजात विचारलं, “कोन आल्तं?”

“कोन?”

“पिच्चरवाल्यांचा मानूस. काय दिलं त्यांनी तुला?”

“आरं, आईच्यान...”

“आईला मधी घेऊ नको. बावीस वर्सं या कानांनी ऐकलंय म्या. तू रचनार? तुला सोसायटीचा अर्ज ल्ह्याचा तर चार जनांस्नी इचारतूस!” भैरूचा आवाज चढला. “फुटला! आपला सोनबा फुटला! किल्लेदार झाला!”

ही बातमी थप्पीवरून थप्पीवर गेली. खोटं बोलत होता तोवर सोनबा तपस्वी होता. खरं बोलला आणि फितूर ठरला. तुळजाबाईनं त्याच्याकडे पाठ केली. दुपारी बोळात बारदानं अंथरली गेली तेव्हा त्याच्या शेजारी दोन माणसांची जागा मोकळी राहिली. तेवढ्यात अनंत आला. टीव्हीवाले येणार नव्हते. दुसऱ्या कुठल्याशा पिक्चरची झलक आली होती आणि तिकडे जास्त भावना दुखावल्या होत्या. “नो प्रॉब्लेम, मी लाइव्ह करतो,” म्हणून त्यानं मोबाइल काढला.

आणि बोळाच्या तोंडाशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. कानटोपी, तिच्यावर मफलर, काखेत कापडी पिशवी, हातात वर्तमानपत्राचं कात्रण.

“इथे सोनबा कोण?”

सोनबानं हात वर केला.

“फाटकावरचे तेच का? तिथे दात बत्तीस दाखवलेत. तुम्हाला चार कमी आहेत.” म्हातारा आत आला. “मी गोपाळकृष्ण. कोथरूड. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली. आपल्या मागण्या वाचल्या. पहिल्या मागणीबद्दल नंतर बोलू. दुसरी चूक.”

‘चूक’ हा शब्द त्यानं दार लावून घेतल्यासारखा टाकला. आडवे झालेले हमाल उठून बसले.

“ही कादंबरी मी तेरा वेळा वाचली आहे,” तो पुढं म्हणाला. “तीत असा कुणीही कारकून नाही. लोकांची दिशाभूल करू नये, एवढं सांगायला दोन बसेस बदलून आलो.”

“न्हाई कसा?” भैरू उसळला. “मग बटाट्यावरनं भांडतो, त्यो कोन?”

“बटाट्यावरून?” म्हातारा थांबला. “पान एकशे सदुसष्ट?”

सोनबानं लाल फडकं सोडलं आणि ते पान काढून पुढं धरलं. गोपाळकृष्णांनी चष्मा काढला, मफलरनं पुसला, परत लावला. मग खाली बारदानावर बसले.

“हे अक्षर माझं आहे.”

“काय?”

“पेन्सिलही माझीच. वाचनालयाच्या सुहासिनीबाईंनी यापायी माझं सभासदत्व रद्द केलं होतं. दारावर पाटी लावली होती : ‘पुस्तकांत लिहू नये. ही सूचना गोपाळकृष्णांसाठी आहे. बाकीच्यांना अक्कल आहे.’”

तुळजाबाईच्या हातातून पाटी सुटली आणि कांदे घरंगळत गेले. “आगं बया! ह्यो त्योच हाय! चूकवाला!”

मग जे झालं ते आवरणं कुणाच्याच हातात नव्हतं. दोघं त्यांच्या पाया पडले. एकानं भाकरीचा तुकडा पुढं केला. एकानं विचारलं, “बाबा, तट्टू कुठं बांधलं?”

“मी तट्टावर बसत नाही. मला मूळव्याध आहे,” गोपाळकृष्ण म्हणाले, पण आवाज जरा हलला होता. बावीस वर्षं आपण कुणाच्या तरी मागं मागं गड चढत होतो हे माणसाला कोथरूडात बसून कळत नाही.

“चूप बसा समदी,” भैरू म्हणाला. तो सरकत म्हाताऱ्याच्या पुढ्यात येऊन बसला होता. “बाबा, ह्यो सोनबा सकाळी म्हनला, पुस्तकात शेवट न्हाई, म्या मनानं रचला. म्या म्हनलं, तू फुटलास. आता तुमीच सांगा. तुमी तर रंगोजीच्या मागंच व्हता. रंगोजी मेला का जगला?”

सोनबानं मान खाली घातली. एकीकडं तो फितूर, दुसरीकडं लबाड. तिसरी वाट नव्हती. पण त्याला स्वतःपेक्षा भैरूच्या त्या वाकलेल्या पाठीची धास्ती होती.

गोपाळकृष्णांनी सोनबाचं पुस्तक शेवटी उघडलं. पुठ्ठा बघितला, मग सोनबाकडे बघितलं.

“पाचशे बारानंतर पानं नाहीत,” ते म्हणाले. “हा माणूस खरं बोलतो आहे.” मग पिशवीतून त्यांनी खाकी कागदाचं वेष्टन घातलेलं एक पुस्तक काढलं. “माझ्या प्रतीत आहेत. पाचशे तेरा ते पाचशे एकोणीस.” आणि आवाज खाली आणून सोनबाला विचारलं, “वाचू का?”

कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मोजणी खात्यातला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा चूक दाखवण्याआधी परवानगी मागत होता. सोनबानं भैरूकडे बघितलं.

“वाचा,” तो म्हणाला. “येकदाचं हून जाऊ द्या.”

गोपाळकृष्णांनी वाचलं. सातबारा वाचावा तसं, चढ नाही, उतार नाही. दोर कापला गेला. रंगोजी दरीत पडला. दगडावर पडला आणि मेला. मोरणी तीन दिवस शेजारी उभी राहिली. चिमणाला पागोटं तेवढं मिळालं. पान पाचशे एकोणीस. समाप्त.

“म्हणजे पिक्चर करेक्ट आहे?” अनंतनं मोबाइल खाली घेतला. “आणि हे सगळं लाइव्ह गेलं?” तो फोन कानाला लावत बोळाबाहेर पडला आणि पुन्हा आत आला नाही. मोर्चा तिथंच उरकला.

 भैरूनं हात पुढं केला आणि ते खाकी पुस्तक घेतलं. त्याला वाचता येत नव्हतं. शेवटच्या पानावर त्यानं बोट ठेवलं, आणि कुणी दार लावून घ्यावं तसा म्हणाला :

“चूक.”

“काय चूक?” गोपाळकृष्ण ताठ झाले.

“दोर कापला, बरूबर. खाली पडला, त्येबी बरूबर. मेला, ही चूक. पडल्याला मानूस मरतोच आसं न्हाई. म्या सोता पडलोय.”

“चूक,” तुळजाबाई म्हणाली.

“चूक,” मागून कुणीतरी म्हणालं. मग बोळभर तेच.

गोपाळकृष्णांना आयुष्यात हे तोंडावर ऐकवणारी त्यांची बायको तेवढी होती, आणि ती जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढलं, आपल्या कोऱ्या प्रतीवर धरलं आणि थबकले.

“काय झालं?” सोनबानं विचारलं.

“स्वतःच्या पुस्तकात मी कधी लिहीत नाही. खराब होतं.” मग दात आवळून त्यांनी पाचशे एकोणिसाव्या पानाच्या समासात लिहिलं, ‘चूक. भैरू, कांदा-बटाटा विभाग’. आणि पेन्सिल रोखून सोनबाला म्हणाले, “आपला शेवट सांगा. उतरवून घेतो. सावकाश. आणि ते उंबर कड्याच्या कुठल्या अंगाला होतं ते नक्की सांगा, उगाच ठोकून देऊ नका.”

“सांगतो. पर आज ट्रक हायेत. उद्या या.”

सगळे उठायला लागले. भैरू तसाच बसून होता. त्यानं सोनबाच्या पुस्तकाचा पुठ्ठा उलटून पालटून बघितला, नखानं खरवडला.

“बावीस वर्सं ह्यो पुठ्ठा वाचत व्हतास?”

“व्हय.”

“माझ्यापायी?”

“न्हाई. पैल्यांदा भ्यालो म्हनून. दवाखान्यापास्नं मग तुझ्यापायी.”

भैरूनं पुस्तक फडक्यात घातलं, गाठ मारली आणि सोनबाच्या छातीवर आदळलं. “मग ल्येका, रंगोजीच्या लेकीच्या लग्नात नुस्ता भात-आमटीवर का भागवलंस? पुठ्ठ्यावर काय बुंदीचं लाडू महाग व्हतं? तवा ऐकाय बसल्याल्या माझ्या याह्यांनी मला बोल लावला!”

“उद्या घालतो लाडू.”

“घाल. आन् चूकवाल्याला पंगतीत बसीव. पुढच्या रांगंला.”

गाळ्याच्या तोंडाशी ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. हैदराबादला जाणारा माल भरायचा होता. जाता जाता सोनबा फाटकापर्यंत गेला, फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या, आपलं तोंड आत घालून त्याची घडी केली आणि गोठ्यासाठी म्हणून ती थप्पीमागं ठेवली. अनंतचं तोंड वर राहिलं होतं. त्याच्यावर त्यानं एक बारदान टाकलं. मग खोळ डोक्यावर घेतली, आकडा पोत्याच्या कानात अडकवला आणि ‘हुप्प’ केलं.